पीएमएल प्रोटीनसाठी फ्लुरोसंट अँटीबॉडी: लेबलिंगपासून स्लाइडपर्यंतच्या प्रकल्प नोंदी

२ जुलै २०२५

लक्ष्य ठरलं: पीएमएल प्रोटीन. त्याला ओळखून चिकटणाऱ्या अँटीबॉडीवर चमकणारा डाय बसवायचा आणि पेशीत ते प्रोटीन कुठे आहे ते मायक्रोस्कोपखाली पाहायचं. अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात (एक रक्ताचा कर्करोग, यापुढे एपीएल) १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून १५ वरचं पीएमएल जनुक १७ वरच्या आरएआरए जनुकाला जोडलं जातं आणि पेशीत पीएमएल-आरएआरए नावाचं जोडप्रोटीन तयार होतं. निरोगी पेशीत पीएमएल केंद्रकातल्या ठळक गोल ठिपक्यांत बसलेलं असतं. हे ठिपके म्हणजे न्यूक्लिअर बॉडीज. एका केंद्रकात ते साधारण ५ ते ३० असतात आणि प्रत्येकाचा व्यास ०.२ ते १ मायक्रोमीटर असतो. जोडप्रोटीन आलं की हे ठिपके मोडतात आणि केंद्रकभर रव्यासारखे शेकडो बारीक कण पसरतात.

सगळ्या कामाची दिशा या एका गोष्टीवर ठरते. जी अँटीबॉडी वापरायची ती पीएमएलच्या अमिनो टोकाला (साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला) चिकटते आणि जोडप्रोटीनमध्ये ते टोक शाबूत असतं. म्हणजे साधं पीएमएल आणि पीएमएल-आरएआरए दोन्ही सारखेच चमकणार. पेशी किती चमकली यावरून काहीच कळत नाही, चमक कुठे आणि कशी पसरली आहे त्यावरूनच कळतं. त्यामुळे फ्लो सायटोमीटरचा (एकेका पेशीची एकूण चमक मोजणाऱ्या यंत्राचा) एकटा आकडा इथे निकामी आहे. लेबलिंगही ‘जास्तीत जास्त तेजस्वी’ व्हावं असं न करता ‘पार्श्वभूमी शक्य तितकी काळी राहावी’ या हिशेबाने करायचं आहे.

अँटीबॉडी: पीजी-एम३, उंदराची मोनोक्लोनल (सगळे रेणू एकसारखे असलेली), आयजीजी१ प्रकारची. इटलीत पेरूजा येथे ब्रुनांजेलो फालिनी यांच्या गटाने १९९० च्या दशकात ती तयार केली. ती फक्त मानवी पीएमएल ओळखते, उंदराचं नाही. या मर्यादेचा फायदा पुढे कंट्रोलसाठी घेता येईल.

डाय: अ‍ॅलेक्सा फ्लुओर ४८८ चा एनएचएस एस्टर. एफआयटीसी हा दुसरा हिरवा डाय स्वस्त आहे, पण त्याची चमक पीएचवर अवलंबून असते. पीएच ७ च्या खाली ती झपाट्याने उतरते आणि प्रकाशात तो लवकर विटतो. केंद्रकाचे तीस थर टिपायचे असतील तर एफआयटीसी पुरत नाही. साय-५ हा लाल डाय आणि तो दुसऱ्या डायला जोडून केलेले टँडम डाय मुद्दाम टाळले आहेत. मायलॉइड पेशींवर (एपीएल ज्या वंशाच्या रक्तपेशींत होतो त्यांवर) सीडी६४ हा रिसेप्टर असतो आणि तो अशा डायना स्वतःच धरून ठेवतो, अँटीबॉडीचा त्यात काही संबंध नसतो.

पेशी: एनबी४ (एपीएलच्या रुग्णापासून १९९१ मध्ये मिशेल लानोत यांच्या गटाने प्रसिद्ध केलेली, जोडप्रोटीन असलेली), एचएल-६० आणि के५६२ (दोन्ही मानवी ल्युकेमियाच्या पेशी, दोन्हींत हे जोडप्रोटीन नाही) आणि उंदराची एल१२१०. एचएल-६० ला सुरुवातीला प्रोमायलोसायटिक म्हटलं गेलं होतं, पण तिच्यात टी(१५;१७), म्हणजे वर सांगितलेली १५-१७ ची अदलाबदल, नाही. दिसायला जवळची आणि या प्रोटीनच्या बाबतीत निरोगी, म्हणून एनबी४ च्या शेजारी ठेवायला तिच्याइतकी योग्य दुसरी पेशी नाही.

४ जुलै

अँटीबॉडी धुणं. लेबलिंग बिघडतं ते बहुतेकदा याच पायरीवर. एनएचएस एस्टर हे डायचं क्रियाशील रूप, प्रोटीनमधल्या लायसिनच्या अमिनो गटाशी जोडलं जातं आणि अमिनो गट कुणाचा आहे हे त्याला कळत नाही. बाटलीत ट्रिस (एक बफर) असेल, ग्लायसिन असेल किंवा टिकावं म्हणून घातलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) असेल, तर डाय तिकडेच खर्ची पडतो. १ टक्का बीएसए म्हणजे मिलिलिटरला १० मिग्रॅ. आपली अँटीबॉडी १ मिग्रॅ, म्हणजे प्रोटीनच्या हिशेबाने दहा भाग डाय बीएसएवर जाणार. म्हणून ऑर्डर देतानाच ‘बीएसए आणि जिलेटिन नको’ असं स्पष्ट लिहावं.

बीएसए असलेलीच बाटली पदरी पडली तर प्रोटीन जी (अँटीबॉडी धरून ठेवणारं प्रोटीन) वर शुद्ध करावं. उंदराची आयजीजी१ प्रोटीन ए ला सैल धरते, त्यामुळे तिथे निम्मी अँटीबॉडी वाहून जाऊ शकते. प्रोटीन जी वरून अँटीबॉडी उतरवतात आम्लीय ग्लायसिनने आणि लगेच पीएच सावरतात ट्रिसने. हे दोन्ही अमिनो गटवाले! शुद्ध केलेली अँटीबॉडी तशीच डायमध्ये घातली तर लेबलिंग शून्याच्या जवळ येतं आणि दोष डायला दिला जातो. बफर बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आपल्या बाटलीत फक्त पीबीएस (मीठ आणि फॉस्फेटचं बफर) आणि जंतू वाढू नयेत म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड आहे. एवढं अझाइड एनएचएसच्या आड येत नाही, तरी धुतलं.

एकूण ६०० मायक्रोग्रॅम. त्यातले १२० मायक्रोग्रॅम लेबल न करता बाजूला ठेवले, स्पर्धा-चाचणीसाठी. ४८० मायक्रोग्रॅम ३० किलोडाल्टनच्या अमिकॉन फिल्टरवर (त्याहून लहान रेणू गळून जातात), १४,००० जी (गुरुत्वाच्या इतक्या पट), ८ मिनिटं, ताज्या पीबीएसने तीनदा. शेवटी फिल्टर उलटा करून १,००० जी, २ मिनिटं. हाती ४३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. सांद्रता मिलिलिटरला २ मिग्रॅवर आणली. १ मिग्रॅच्या खाली रासायनिक क्रिया मंदावते आणि पाणीच डाय खाऊन टाकतं, त्यामुळे ही सांद्रता महत्त्वाची.

७ जुलै

लेबलिंग. तीन नळ्या एकाच दिवशी केल्या, कारण विरघळवलेला एनएचएस डाय टिकत नाही. उरलेला फ्रीझरमध्ये ठेवून पुढच्या आठवड्यात वापरला तर प्रत्येक वेळी वेगळं लेबलिंग येतं.

नळी १: पीजी-एम३, अँटीबॉडीच्या दहापट मोल डाय.
नळी २: पीजी-एम३, वीसपट.
नळी ३: आयसोटाइप कंट्रोल (पीएमएल न ओळखणारी पण त्याच प्रकारची अँटीबॉडी: एमओपीसी-२१, आयजीजी१), दहापट.

हिशेब: २०० मायक्रोग्रॅम अँटीबॉडी ÷ १,५०,००० = १.३३ नॅनोमोल. दहापट म्हणजे १३.३ नॅनोमोल डाय. डायचा रेणुभार ६४३, म्हणजे ८.६ मायक्रोग्रॅम. मिलिलिटरला १० मिग्रॅच्या द्रावणातून हे ०.८६ मायक्रोलिटर होतात आणि इतकं कमी पिपेटने नीट मोजता येत नाही. म्हणून डाय आधी १० मिग्रॅवर विरघळवून लगेच पाचपट पातळ केला, मिलिलिटरला २ मिग्रॅ. मग नळी १ आणि ३ ला ४.३ मायक्रोलिटर, नळी २ ला ८.६ मायक्रोलिटर. डीएमएसओ (डाय विरघळवायचा द्रावक) १० टक्क्यांच्या आत राहतो.

क्रम:

डायची कुपी फ्रीझरमधून काढून बंदच ठेवली, खोलीच्या तापमानाला पूर्ण येईपर्यंत. पुण्यातल्या जुलैच्या दमट हवेत थंड कुपी उघडली की आत दव धरतं आणि एस्टर तिथेच मरतो. पावसाळ्यात हे अर्धा तास थांबणं चुकवू नये.

१०० मायक्रोलिटर अँटीबॉडीत १० मायक्रोलिटर १ मोलर सोडियम बायकार्बोनेट. अर्धा मायक्रोलिटर पट्टीवर टेकवून पीएच पाहिला, ८.३. पीएच ७.५ ला लायसिन पुरेसं क्रियाशील नसतं. ९ च्या वर गेलं की एस्टर पाण्यानेच फार भरभर मोडतो. ८.६ ला, ४ अंशांवरही, त्याचं अर्धआयुष्य दहा मिनिटांच्या घरात आहे.

डाय निर्जल डीएमएसओत विरघळवला. उघडून बरेच दिवस झालेली डीएमएसओची बाटली चालत नाही, ती हवेतलं पाणी ओढते.

अँटीबॉडी हलक्या हाताने फिरवत असतानाच डाय घातला आणि लगेच मिसळला. आधी डायचा थेंब तळाशी टाकून त्यावर अँटीबॉडी ओतली तर तळाकडचे रेणू जास्त रंगतात, बाकीचे कोरे राहतात. सरासरी बरोबर येते, पण मिश्रण असमान होतं. व्हॉर्टेक्सवर (जोरात हलवणाऱ्या यंत्रावर) मिसळू नये, फेस म्हणजे विस्कटलेलं प्रोटीन.

फॉइलमध्ये गुंडाळून खोलीच्या तापमानाला १ तास, दर १५ मिनिटांनी नळी उलटी-सुलटी.

मोकळा डाय काढण्यासाठी ०.५ मिलिलिटरचे डिसॉल्टिंग स्पिन कॉलम, ७ किलोडाल्टन. पीबीएसने तीनदा धुऊन नमुना वर सोडला, १,५०० जी, २ मिनिटं. प्रत्येकी साधारण ११५ मायक्रोलिटर पिवळसर-हिरवं द्रावण मिळालं. कॉलमच्या वरच्या भागात अडकलेला डायचा पट्टा डोळ्यांना दिसतो. तो खालच्या टोकापर्यंत उतरला असेल तर कॉलम क्षमतेपेक्षा जास्त भरला आहे, दुसऱ्या ताज्या कॉलममधून पुन्हा काढावं.

८ जुलै

मोजमाप. तिन्ही पीबीएसमध्ये दहापट पातळ करून, १ सेंटीमीटरच्या मायक्रोक्युव्हेटमध्ये. २८० नॅनोमीटरला प्रोटीन, ४९४ ला डाय. डायही २८० ला थोडं शोषण करतो, ४९४ च्या आकड्याच्या ०.११ पट, ते वजा करायचं.

नळी १: २८० ला ०.२४१, ४९४ ला ०.३४२.
०.३४२ × ०.११ = ०.०३८. उरलं ०.२०३. भागिले २,०३,०००, गुणिले १० = १० मायक्रोमोलर अँटीबॉडी, म्हणजे मिलिलिटरला १.५ मिग्रॅ.
डाय: ०.३४२ ÷ ७१,००० × १० = ४८.२ मायक्रोमोलर.
प्रत्येक अँटीबॉडीवर सरासरी ४.८ डाय.

नळी २: २८० ला ०.२५८, ४९४ ला ०.५९०. त्याच रीतीने ८.७ डाय, मिलिलिटरला १.४३ मिग्रॅ.

नळी ३: ४.५ डाय. नळी १ च्या जवळ आहे, म्हणजे जोडी जमते. विकतचा आयसोटाइप घेतला तर त्यावर किती डाय आहे हे बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. ४.८ ची अँटीबॉडी आणि २ चा आयसोटाइप शेजारी ठेवले की पार्श्वभूमी आहे त्यापेक्षा कमी भासते आणि खोटा सिग्नल खरा वाटायला लागतो.

हा आकडा खरा मानायचा तर मोकळा डाय नाही हे दाखवायला हवं, नाहीतर ४९४ चं शोषण फुगलेलं असतं. प्रत्येकी १ मायक्रोग्रॅम एसडीएस जेलवर (प्रोटीनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या) चालवलं, साखळ्या सुट्या व्हाव्यात म्हणून क्षपण करून, नेहमीचा खुणेचा रंग ब्रोमोफिनॉल ब्लू न घालता. न रंगवताच निळ्या प्रकाशात पाहिलं: ५० आणि २५ किलोडाल्टनला हिरवे पट्टे, म्हणजे जड आणि हलकी साखळी. जेलच्या पुढच्या कडेला, जिथे मोकळा डाय दिसला असता तिथे, काही नाही. नळी २ मध्ये कडेला अगदी पुसट रेघ होती. ती दुसऱ्या कॉलममधून काढली आणि वरचा ८.७ आकडा त्यानंतरचा आहे.

मोजमाप झाल्यावरच मिलिलिटरला १ मिग्रॅ बीएसए आणि ०.०२ टक्के अझाइड घातलं. आधी घातलं असतं तर २८० चा आकडा निरर्थक झाला असता. ४ अंशांवर, अंधारात. गोठवायचं नाही.

१० जुलै

स्लाइड. निलंबनात वाढणाऱ्या पेशींना काचेवर चपटं करायचं तर सायटोस्पिन (पेशी गरगर फिरवून काचेवर बसवणं). मिलिलिटरला २.५ लाख पेशी, त्यातले २०० मायक्रोलिटर, म्हणजे स्लाइडला ५०,००० पेशी. ८०० आरपीएम, ५ मिनिटं. एक लाखाच्या वर गेलं की केंद्रकं एकमेकांवर चढतात आणि ठिपके मोजताना कोणता कुणाचा ते समजत नाही. वेग वाढवला तर एनबी४ ची केंद्रकं फुटून डीएनएच्या शेपट्या दिसतात.

पेशींची जिवंत टक्केवारी ट्रायपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या रंगाने) आधी पाहायची, ९० च्या खाली असेल तर कल्चर पुढे वापरू नये. मेलेली पेशी कोणतीही अँटीबॉडी ओढते आणि केंद्रक सरसकट हिरवं होतं.

फिक्सिंगच्या (पेशीतलं सगळं जागच्या जागी पक्कं करण्याच्या) दोन पद्धती शेजारी-शेजारी:

(अ) ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, मिथेनॉलविरहित, १२ मिनिटं. पीबीएस तीनदा. ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड १० मिनिटं, उरलेले अल्डिहाइड गट विझवायला. मग ०.३ टक्के ट्रायटन एक्स-१००, १० मिनिटं, अँटीबॉडीला आत शिरायला वाट करायला.

(ब) उणे २० अंशांचं मिथेनॉल, १० मिनिटं. वेगळं ट्रायटन लागत नाही.

मिथेनॉलमध्ये ठिपके जास्त रेखीव दिसले, पार्श्वभूमीही काळी. पण केंद्रक आकसतं, आणि मुख्य म्हणजे केंद्रकात विखुरलेलं, कशालाही न चिकटलेलं पीएमएल धुऊन जातं. आपल्याला नेमका विखुरलेपणाच पाहायचा आहे. शिवाय पुढे पृष्ठभागावरच्या सीडी११बी (पेशी परिपक्व झाल्याची खूण) साठी एपीसी हा डाय वापरायचा आहे. एपीसी आणि पीई हे डाय म्हणजे प्रोटीनं आहेत, मिथेनॉलमध्ये ती विस्कटून विझतात. पॅराफॉर्मल्डिहाइड पक्कं केलं.

अमोनियम क्लोराइडची पायरी गाळून पाहिलेल्या स्लाइडवर पेशीद्रवात एकसारखा हिरवट धूसरपणा होता. बारीक कण शोधताना तोच नडतो. दहा मिनिटं वाचवण्यात अर्थ नाही.

ट्रायटन ०.१ टक्क्यावर काही केंद्रकं चमकतात आणि शेजारची अंधारी राहतात. अशी ठिगळं दिसली की संशय अँटीबॉडीवर न घेता आधी ट्रायटनवर घ्यावा.

१४ जुलै

एफसी रिसेप्टर. एनबी४ आणि एचएल-६० मायलॉइड आहेत, त्यांच्यावर सीडी३२ आणि सीडी६४ असतात आणि ते अँटीबॉडीची शेपटी पकडतात. त्यासाठी ५ टक्के बीएसएमध्ये मिलिलिटरला १ मिग्रॅ मानवी आयजीजी, २० मिनिटं, न धुता त्यावरच अँटीबॉडी. नुसत्या बीएसएने पेशीच्या कडेला हिरवी कडी राहते, मानवी आयजीजी घातलं की ती जाते.

कंट्रोल कोणते आणि का, एकदाच लिहून ठेवतो:

आयसोटाइप (नळी ३): एफसी आणि चिकट डाय किती ते दाखवतो. त्यापलीकडे काही सिद्ध करत नाही.

एल१२१०: उंदराची पेशी, पीएमएल आहे पण पीजी-एम३ ला दिसत नाही. प्रत्येक मानवी पेशीत थोडंफार पीएमएल असतंच, त्यामुळे खरी निगेटिव्ह मानवी पेशी मिळत नाही, जनुक काढून टाकलेली सोडून. एल१२१० ती जागा भरते. तिच्यासाठी एफसी ब्लॉक वेगळा, उंदराच्या सीडी१६/३२ विरुद्धची २.४जी२ ही अँटीबॉडी.

स्पर्धा: लेबल न केलेली पीजी-एम३ मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम, अर्धा तास, मग त्यावर लेबल केलेली २.५ मायक्रोग्रॅम. ठिपके जवळजवळ नाहीसे झाले. डाय स्वतःहून चिकटत असता तर ते राहिले असते.

कोरी स्लाइड: काहीच न घातलेली, पेशीची स्वतःची हिरवी चमक पाहायला. एनबी४ च्या कणिकांमध्ये ती थोडी आहे, केंद्रकाबाहेर.

१५ जुलै

मात्रा ठरवणं. मिलिलिटरला १०, ५, २.५, १.२५, ०.६ आणि ०.३ मायक्रोग्रॅम. एचएल-६० वर, कारण तिथे ठळक ठिपके आहेत आणि मोजायला सोपे. स्लाइडवर पॅप पेनने (द्रव अडवणारी रेघ काढणाऱ्या पेनने) गोल करून ५० मायक्रोलिटर, खोलीच्या तापमानाला १ तास, ओल्या टिश्यूच्या बंद डब्यात. पीबीएसमध्ये ०.०५ टक्के ट्वीन (सौम्य साबणासारखा पदार्थ) घालून धुणं, तीनदा, प्रत्येकी ५ मिनिटं. डॅपी (डीएनए निळा रंगवणारा डाय) ३०० नॅनोमोलर, ५ मिनिटं.

सगळ्या स्लाइडना एकच एक्स्पोजर. प्रत्येक ठिपक्याची शिखरचमक भागिले त्याच केंद्रकातल्या मोकळ्या जागेची चमक, हे गुणोत्तर पाहायचं.

नळी १: १० आणि ५ ला ठिपका झगझगीत आहे पण केंद्रकाची जमीनही उजळते, गुणोत्तर घसरतं. २.५ आणि १.२५ ला ते सर्वांत वर. ०.६ ला लहान ठिपके हरवू लागतात. २.५ पक्कं केलं. १.२५ घेतलं तर अँटीबॉडी वाचते, पण एनबी४ चा एकेक कण मुळातच अंधुक आहे, तिथे हात राखून चालणार नाही.

नळी २: एका रेणूवर ८.७ डाय असूनही ठिपका दीडपटही उजळ नाही. डाय इतके जवळ बसले की एकमेकांची चमक गिळतात. उलट पार्श्वभूमी चांगलीच वाढली: या डायवर ऋण विद्युतभार आहे, जास्त डाय म्हणजे जास्त भार, आणि तो धनभाराच्या हिस्टोनसारख्या प्रोटीनांना चिकटतो. हिस्टोन केंद्रकातच! एल१२१० वर नळी २ ने केंद्रक सरसकट पुसट हिरवं केलं, नळी १ ने नाही. केंद्रकातल्या प्रोटीनसाठी ४ ते ५ डाय पुष्कळ आहेत. पेशीच्या पृष्ठभागावरच्या मार्करसाठी ७-८ चालून जातात, तो नियम इथे आणू नये. नळी २ पुढे वापरणार नाही.

१८ जुलै

मायक्रोस्कोप. बारीक कणांचं चित्र लेन्सवरच ठरतं.

वेगळे दिसण्याचं किमान अंतर = ०.६१ × तरंगलांबी ÷ न्यूमरिकल अ‍ॅपर्चर. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सची प्रकाश गोळा करण्याची क्षमता. आपल्या डायच्या ५१९ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशासाठी:
४०एक्स, ०.७५ कोरडी लेन्स: ४२२ नॅनोमीटर.
६३एक्स, १.४ ऑइल: २२६ नॅनोमीटर.

एनबी४ चे कण या खालच्या आकड्याच्याच आसपास आहेत. ४०एक्स ला ते मिसळून केंद्रक एकसारखं धुरकट दिसतं आणि पाहणारा ‘सिग्नल नाही, नुसती पार्श्वभूमी’ असं लिहून मोकळा होतो. ही चूक सहज होण्यासारखी आहे. हे काम १.४ च्या ऑइल लेन्सवरच. कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रोमीटर, १०० पटीवर नमुन्यात ६५ नॅनोमीटर पडतो, ६३ पटीवर १०३. दुसरा आकडा काठावरचा आहे, शक्य तिथे १००एक्स.

कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरचीच. पातळ-जाड काच असली की ठिपका एका बाजूला पसरतो. घट्ट होणारं माउंटिंग द्रव घेतलं तर खोलीच्या तापमानाला २४ तास पक्कं होऊ द्यायचं, त्याआधी पाहिलं तर लेन्सखाली स्लिप सरकते.

थर ०.३ मायक्रोमीटरचे. मोजणी मात्र सगळे थर एकत्र दाबलेल्या चित्रावर करायची नाही. शेकडो कण वर-खाली असले की दाबलेल्या चित्रात ते एकावर एक येऊन मोठे ठिपके झाल्यासारखे दिसतात, म्हणजे रोगट पेशी निरोगी ठरते. मोजणी एकेका थरावर, किंवा तिन्ही मितींत कण शोधणाऱ्या सॉफ्टवेअरवर.

फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये: डॅपीवरून केंद्रकाची सीमा, हिरव्या चॅनलमधून १० पिक्सेल त्रिज्येची पार्श्वभूमी वजा, मग शिखरं शोधणं. उंबरठा डोळ्यांनी न ठरवता आयसोटाइप स्लाइडवरून: तिथल्या केंद्रकांतल्या ९९ टक्के पिक्सेलच्या वर. चित्र उजळ करून पाहायचं ते फक्त पाहण्यासाठी, मोजायचं मूळ फाइलवरून.

एक सापळा. लेबल केलेली अँटीबॉडी दिवसागणिक गुठळ्या धरते. गुठळी गोल, झगझगीत, अर्ध्या मायक्रोमीटरची, हुबेहूब न्यूक्लिअर बॉडी. ओळखायची खूण: गुठळ्या केंद्रकाबाहेर आणि पेशींमधल्या रिकाम्या काचेवरही असतात, आणि पेशीच्या वरच्या थरात तरंगतात. वापरण्याआधी दर वेळी १४,००० जी, १० मिनिटं, ४ अंशांवर. पिपेट वरच्या थरात, तळाला टेकवायचा नाही.

२१ ते २५ जुलै

औषध घातल्यावर आकृती बदलते का, हीच खरी परीक्षा. एपीएलमध्ये ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल (एटीआरए) आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही दोन्ही औषधं याच जोडप्रोटीनवर लागू पडतात. एटीआरएचा पहिला मोठा अनुभव शांघायहून १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला, आर्सेनिकचं काम हार्बिनमध्ये सुरू झालं.

एटीआरए: रेणुभार ३००.४, मिलिलिटरला ३ मिग्रॅ डीएमएसओत म्हणजे १० मिलिमोलर. उणे ८० अंश, गडद नळ्या. प्रकाशात तो मोडतो, हुडचा दिवा मंद ठेवून काम. कल्चरमध्ये १ मायक्रोमोलर, दहा हजारपट पातळ, म्हणजे डीएमएसओ ०.०१ टक्का. ही काळजी हवीच: एचएल-६० ला १.२५ टक्का डीएमएसओच परिपक्व करून टाकतो. कंट्रोल फ्लास्कला तेवढाच नुसता डीएमएसओ.

आर्सेनिक ट्रायऑक्साइड: पाण्यात फार सावकाश आणि थोडंच विरघळतं. थोड्या १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून मग पीबीएसने १ मिलिमोलर. कल्चरमध्ये १ मायक्रोमोलर. पूड उघडताना मास्क, दोन हातमोजे, आणि सगळं टाकाऊ वेगळ्या खूण केलेल्या डब्यात, बेसिनमध्ये एक थेंबही नाही.

एनबी४ मिलिलिटरला ३ लाखांवर सुरू. एटीआरए २४, ४८, ७२ तास. आर्सेनिक १, ६, २४ तास. फिक्स केलेल्या स्लाइड अझाइड घातलेल्या पीबीएसमध्ये ४ अंशांवर ठेवून सगळ्या एकत्र रंगवल्या. स्लाइडवर फक्त सांकेतिक क्रमांक, मोजणाऱ्याला औषध माहीत नाही. दर स्लाइडला २०० केंद्रकं, तीन गट: ठळक, विखुरलेलं, मिश्र.

औषधाशिवाय: विखुरलेलं, जवळजवळ सगळीकडे. क्वचित एखाद्या केंद्रकात विखुरलेल्या कणांमध्ये एक-दोन मोठे ठिपके, ते ‘मिश्र’.

एटीआरए: २४ तासांना मिश्र वाढलं, ४८ ते ७२ मध्ये ठळक ठिपके परतले, चमक शाबूत. एटीआरए जोडप्रोटीनला आरएआरएच्या बाजूने मोडतो, साधं पीएमएल सुटतं आणि आपल्या जागी जाऊन बसतं.

आर्सेनिक: १ तासातच कण जाडसर, ६ तासांना थोडेच मोठे ठिपके, २४ तासांना ठिपके कमी आणि फिके. आर्सेनिक पीएमएलच्या सिस्टीनना धरतं, प्रोटीन एकत्र येतं, त्यावर सुमो आणि मग युबिक्विटिन ही खुणेची लहान प्रोटीनं चढतात आणि प्रोटिअसोम (पेशीतलं प्रोटीन मोडणारं यंत्र) ते मोडतो. साधं पीएमएलही त्यात जातं, म्हणून चमक उतरते.

दोन्ही औषधांची स्लाइड एका क्षणी सारखीच, ‘थोडे ठळक ठिपके’, दिसते. म्हणून गटाबरोबर केंद्रकाची एकूण चमकही नोंदवायची. २ जुलैला चमक निकामी म्हटलं ते पेशी ओळखण्यापुरतं. औषधांचा फरक सांगताना, एकाच बॅचच्या स्लाइडमध्ये, ती उपयोगी आहे.

२४ तासांच्या आर्सेनिकमध्ये मरणाऱ्या पेशी असतात. डॅपीमध्ये तुकडे झालेली किंवा घट्ट आकसलेली केंद्रकं मोजणीतून वगळली.

२९ जुलै

ठिपका खरंच न्यूक्लिअर बॉडी आहे का? दुसरा साक्षीदार एसपी१००, तिथलंच दुसरं प्रोटीन. सशाची अँटीबॉडी, त्यावर शेळीची ससाविरोधी दुय्यम (पहिल्या अँटीबॉडीला धरणारी दुसरी, रंगीत अँटीबॉडी), अ‍ॅलेक्सा फ्लुओर ५६८. पीएमएल थेट लेबल केल्याचा फायदा इथे मिळतो, दोन दुय्यम अँटीबॉडींचा गुंता नाही.

एक अडचण मात्र आपणच घातलेली असते. ब्लॉकिंगला मानवी आयजीजी वापरलं आहे, आणि साधी ससाविरोधी दुय्यम मानवी आयजीजीलाही थोडी ओळखते. मग सगळी पेशी लाल. मानवी आणि उंदराच्या आयजीजीवर शोषून घेतलेलीच (त्यांना ओळखणारे रेणू आधीच काढून टाकलेली) दुय्यम घ्यावी. क्रम: एसपी१००, दुय्यम, नीट धुणं, शेवटी पीजी-एम३-४८८. एकेका रंगाची स्वतंत्र स्लाइड हवी, ४८८ च्या प्रकाशाची शेपटी लाल फिल्टरमध्ये किती येते ते त्यावरूनच कळतं.

एचएल-६० मध्ये हिरवं आणि लाल एकाच ठिपक्यात. एनबी४ मध्ये दोन्ही विखुरलेले, एटीआरएनंतर दोन्ही एकत्र परतलेले.

सीडी११बी-एपीसी: फिक्स करण्याआधी, जिवंत पेशींवर, बर्फात, २० मिनिटं. मग सायटोस्पिन आणि वरची सगळी पद्धत. एटीआरएच्या ७२ तासांच्या पेशींवर कडा उजळली.

या पद्धतीची मर्यादा रुग्णांच्या नमुन्यांकडे जाऊ पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. एपीएलचे काही विरळ प्रकार आरएआरएला दुसऱ्या जनुकाशी जोडतात, उदाहरणार्थ ११ व्या गुणसूत्रावरच्या झेडबीटीबी१६ शी. तिथे पीएमएल आपल्या जागी असतं, स्लाइड निरोगी दिसते, आणि एटीआरएला तो प्रकार फारसा दाद देत नाही. ठळक ठिपके म्हणजे ‘पीएमएल-आरएआरए नाही’ एवढंच, ‘एपीएल नाही’ असं नाही. शिक्कामोर्तब फिश (गुणसूत्रांवर जनुकांची जागा दाखवणारी चाचणी) किंवा आरटी-पीसीआर (जोडजनुकाचा आरएनए शोधणारी चाचणी) यांनीच. आपली ही अँटीबॉडी संशोधनासाठी लेबल केलेली आहे, निदानासाठी तपासलेली नाही.

१९ ऑगस्ट

नळी १ ची फेरतपासणी, ४ अंशांवर सहा आठवड्यांनंतर. बीएसए असल्यामुळे २८० चा आकडा आता वापरता येत नाही, म्हणून जेल आणि स्लाइड. जेलच्या पुढच्या कडेला मोकळा डाय नाही. फिरवल्यावर तळाला सुईच्या टोकाएवढी पिवळी गोळी, वरचं द्रावण स्वच्छ. एचएल-६० वर २.५ मायक्रोग्रॅमला ठिपका-जमीन गुणोत्तर जुलैसारखंच.

उरलेलं २० मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटलं, म्हणजे एकच नळी पुन्हापुन्हा उजेडात येणार नाही. प्रत्येकीवर क्लोन, डाय, ४.८, मिलिलिटरला १.५ मिग्रॅ, ८ जुलै. फिक्स केलेल्या एचएल-६० आणि एनबी४ च्या स्लाइडची एक जोडी दर रंगवणीत ठेवायची. पुढची बॅच लेबल झाली की दोन्ही बॅच एकाच दिवशी याच जोडीवर लावायच्या, आणि नवीन बॅच ४ ते ५.५ डायच्या बाहेर गेली तर तिची मात्रा पुन्हा सहा पायऱ्यांनी तपासायची.